मदत हवी आहे: बर्गनमध्ये तीन दिवस, सोबत आई, आणि पाऊस थांबत नाही

मंडळी, नॉर्वेतल्या बर्गनमधून लिहितेय. रात्रीचे साडेदहा वाजलेत. आई झोपलीय, नवरा उद्याच्या सादरीकरणाच्या स्लाइड्स चौदाव्यांदा बदलतोय आणि मी डाव्या हाताने मोबाइलवर टाइप करतेय, कारण उजव्या हातात हेअर ड्रायर आहे आणि ड्रायरच्या तोंडाशी आईचा बूट. हा दुसरा बूट. पहिला पाऊण तास वाळवला, तरी आत हात घातला की गार ओलं लागतंय.

नवऱ्याची इथे तीन दिवस कॉन्फरन्स आहे, म्हणून मी सुट्टी काढली आणि आईलाही घेऊन आले. आईचं वय ६८. चालते छान, पण उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. आम्ही मूळचे चिपळूणचे. "तिकडे सप्टेंबरात पाऊस असतो हं" असं मी निघण्याआधी सांगितलं, तर म्हणाली, "पाऊस काय मला नवीन आहे?" २०२१ च्या जुलैत घरात छातीएवढं पाणी बघितलेली बाई ती. मीही मनातून तशाच तोऱ्यात होते. आपण कोकणातले, आपल्याला कोण पाऊस शिकवणार!

तर आज दुपारी फ्लेसलान विमानतळावर उतरलो. तिथूनच ट्राम सुटते, ब्यूबानेन म्हणतात तिला. शहराच्या मध्यात यायला पाऊण तास लागला आणि तिकीट शहरातल्या साध्या तिकिटाइतकंच. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. ब्यूपार्कन हा शेवटचा थांबा. तिथून हॉटेल नकाशात आठ मिनिटांवर. ती आठ मिनिटं दगडी फरसबंदीवरून दोन बॅगा ओढत आम्ही पंचवीस मिनिटांत चाललो. पाऊस म्हणाल तर आपल्याकडे ज्याला पाऊसही म्हणणार नाही असा, पण तो वरून पडत नाही, बाजूने येतो. बंदराच्या कोपऱ्यावर वळलो आणि पुण्यात घेतलेल्या तीन घडीच्या छत्रीचा कावळा झाला. दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून शपथेवर विकलेले बूट दहाव्या मिनिटाला पाणी प्यायले. आणि हवा अकरा अंश. चिपळूणला भिजलं तर माणूस भिजतो, इथे भिजलं की काकडतो. हा फरक मला उतरायच्या आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

आता प्रश्न. उद्या-परवा दिवसभर पाऊसच दाखवतोय. फ्लोयेन डोंगरावर जाणारी ती रेल्वे ढगात जाऊन काय उपयोग, की जावं? परवाची फ्लॉम गावाची, गाडी-बस-बोटीची दिवसभराची सहल आधीच काढून ठेवलीय, पैसे परत मिळणार नाहीत, आईला एवढ्या पावसात न्यावं का? आणि आई चातुर्मास पाळते, म्हणजे मासळीच्या गावात येऊन मासे बंद. मेथीचे ठेपले उद्या सकाळपर्यंत पुरतील. पुढे काय? कुणी इकडे राहून गेलं असेल तर कृपया सांगा. घाई आहे.

प्रतिसाद १:

ताई, मी बारा वर्षं नॉर्वेत आहे, त्यातली पहिली चार बर्गनमध्ये काढली. आधी एक गोष्ट: पाऊस थांबायची वाट बघणं आत्ताच बंद करा. २००६ च्या ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारी २००७ पर्यंत इथे सलग ८५ दिवस पाऊस पडला होता. वर्षाचा पाऊस २२०० मिलिमीटरच्या वर, म्हणजे साधारण मुंबईइतका. पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन बारा महिने पुरवून पुरवून वापरतं. कारण तुम्हाला नव्याने सांगायला नको. समुद्रावरून ओला पश्चिमवारा येतो, शहरामागे डोंगर उभे. कोकण आणि सह्याद्रीचंच प्रकरण, फक्त थंड.

यामुळेच फ्लॉमची सहल अजिबात रद्द करू नका. फ्लॉम आत आहे, डोंगरांच्या पलीकडच्या बाजूला. चिपळूणला धो धो असताना साताऱ्याच्या पलीकडे ऊन असतं ना, तसं. बर्गनला पाऊस म्हणजे तिकडे पाऊसच, असं नाही. आणि असला तरी धबधबे भरलेले मिळतील.

हवामानासाठी इथले लोक 'युर' बघतात, नॉर्वेच्या हवामान खात्याचं आणि सरकारी टीव्हीचं मिळून आहे. तासातासाचा अंदाज असतो. त्यात ०.२ मिमी लिहिलेला तास दिसला की तो कोरडा समजून बाहेर पडायचं.

छत्री विसरा. बर्गनमधलं कुणी वाऱ्यात छत्री धरून झुंजताना दिसलं तर ते पाहुणे असतात. काकूंना पावसाळी पॅंट आणि टोपीचा लांब रेनकोट घ्या. नवा महाग पडेल, पण फ्रेटेक्स म्हणून जुन्या कपड्यांचं दुकान आहे, तिथे बघा, चांगला माल असतो. आत सुती नको, लोकर हवी. सुती ओलं झालं की अंगाला चिकटून थंडी वाढवतं.

प्रतिसाद २:

फ्लॉमबद्दल राहवत नाही म्हणून लिहितोय. रेल्वेवेडा आहे, माफ करा. आपला भोर घाट, कर्जत ते लोणावळा, सगळ्यात कडक ठिकाणी ३७ मीटरला एक मीटर चढतो आणि त्याला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. फ्लॉमची गाडी १८ मीटरला एक मीटर चढते, तीही दातेरी रूळ वगैरे काही नसताना, साध्या रुळांवर! वीस किलोमीटरात फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीच्या काठावरून ८६६ मीटरवरच्या म्युर्दाल स्टेशनला. मध्ये क्योसफॉसेन धबधब्याशी गाडी पाच मिनिटं थांबते आणि सगळे फलाटावर उतरतात. तिथे तुषारांनीच इतकं भिजायला होतं की पाऊस आहे की नाही याने काही फरक पडत नाही. आईंना डब्याच्या दारातूनच दाखवा, फलाट ओला असतो.

बाकी गाडी, बस, बोट सगळं बंदिस्त आहे. बोटीत आत बसायला जागा आहे. गुडघ्याला काही त्रास नाही, फक्त दिवस मोठा आहे. सकाळी निघालात की रात्रीच परत.

प्रतिसाद ३:

चिपळूणकर पावसाला घाबरले, हे वाचून रत्नागिरीकर म्हणून मनापासून आनंद झाला. बाकी माहिती शून्य.

धागाकर्ती:

रत्नागिरीकर, परत आल्यावर बघते तुम्हाला.

पहिल्या प्रतिसादाला आणि रेल्वेवेड्यांना मनापासून धन्यवाद. फ्लॉम पक्कं. पण उद्याचा पूर्ण दिवस काय करू? आईला म्युझियममध्ये नेलं की ती खुर्ची शोधते. आणि खाण्याचं कुणीच सांगितलं नाही.

प्रतिसाद १:

खाण्याचं राहिलंच. कुठल्याही सुपरमार्केटात जा, रेमा किंवा किवी. दुधाच्या कपाटात 'कुल्टुरमेल्क' मिळेल. ते म्हणजे दाट ताक, साधं घ्या, फळांचं नको. खोलीत किटली असेल तर झटपट भात आणि हे, वरून मीठ. दहीभात झाला. ओटची लापशी, केळी, उकडलेले बटाटे. बेकरीत 'शिलिंग्सबोले' म्हणजे दालचिनीचा गोल पाव, तो बर्गनचाच. एक घेतलात तर दोघींना पुरतो. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. मोठी दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. मासळीबाजार बघायला जा, तिथे जेवायला नको. चातुर्मास नसता तरी हेच सांगितलं असतं. क्रोनरचे रुपये करून बघितलेत तर घास उतरणार नाही.

उद्यासाठी ब्रिग्गेन. बंदरावरची ती लाल-पिवळी लाकडी घरं. लोक समोरून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही दोन घरांच्या मधल्या बोळात शिरा. वर लाकडी सज्जे पुढे आलेले आहेत, त्यामुळे बोळात पाऊस जवळजवळ लागत नाही. जमीनही फळ्यांची आहे. पावसाने लाकूड भिजलेलं असताना तिथे जो वास येतो तो उन्हाळ्यात येत नाही. जुनी घरं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर उभी केलेली. हान्सा या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी इथे चारशे वर्षं राहिले. धंदा कशाचा, तर सुक्या माशाचा. उत्तरेत कॉड मासा मीठ न लावता दांड्यांवर वाळवायचा आणि इथून सगळ्या युरोपला पाठवायचा. काकूंना म्हणावं, हे मोठे बोंबीलच. आणि त्या घरांमध्ये आगीच्या भीतीने चूल, शेगडी, दिवा काहीच पेटवायची परवानगी नव्हती. बर्गनच्या हिवाळ्यात! ऊब आणि गरम जेवण फक्त मागच्या बाजूच्या सामायिक खोल्यांत, त्यांना 'शॉट्सस्टुएने' म्हणतात. त्या आज बघता येतात, आणि तिथे लांब बाकं आहेत.

ब्रिग्गेन म्युझियम त्याच्या शेजारीच. १९५५ मध्ये तिथली काही घरं जळाली आणि खाली खोदल्यावर लाकडाच्या तुकड्यांवर कोरलेले रून या तिकडच्या जुन्या लिपीतले सहाशेहून जास्त मजकूर सापडले. शाही लेख वगैरे नाहीत. कुणाची उधारी, कुणाच्या मालाची चिठ्ठी. एकावर नुसतं लिहिलंय, "गीडा म्हणते, तू घरी ये."

फ्लोयेनबद्दल: आधी त्यांच्या वेबकॅमवर वरचं चित्र बघा. पांढरं दिसलं तर थांबा, फट पडली की पळा. खालचं स्टेशन मासळीबाजारापासून दोन-तीन मिनिटांवर आहे, वर पोचायला सहा-सात मिनिटं आणि गाड्या रात्रीपर्यंत असतात. इथले ढग अर्ध्या तासात बदलतात. तिथे वर शेळ्याही मोकळ्या फिरतात.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. हॉटेलच्या बाथरूमची फरशी गरम होते का बघा. इकडे बहुतेक ठिकाणी असते. बूट त्यावर उलटे ठेवा, ड्रायरचा नाद सोडा.

धागाकर्ती, दुसऱ्या दिवशी रात्री:

हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी फ्रेटेक्समध्ये आईला हिरवा रेनकोट मिळाला, गुडघ्याखाली येतो. घालून आरशात बघितलं आणि म्हणाली, "खोळ घेतल्यासारखं वाटतंय." लहानपणी लावणीला जाताना प्लास्टिकची खोळ डोक्यावरून घ्यायची, ती. नंतर दिवसभर तिने टोपी काढली नाही, म्युझियमच्या आतसुद्धा.

ब्रिग्गेनच्या बोळात आम्ही पाऊण तास होतो. बघण्यासारखं तिथे फार काही नाही खरं तर, दुकानं आहेत, एक-दोन कारागीर. पण आई एका फळीवर हात ठेवून उभी राहिली. फळी काळी पडलेली, टोकाला गुळगुळीत झालेली, खिळ्याभोवती गंज उतरलेला. "आपल्या जुन्या पडवीचा खांब असाच होता," एवढंच म्हणाली. तो खांब पुरानंतर काढावा लागला. मी काही बोलले नाही.

शॉट्सस्टुएनेमध्ये बाकं होती आणि आई बसली. व्यापाऱ्यांना खोलीत विस्तव पेटवायची बंदी होती हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग ओले कपडे कुठे वाळवायचे?" चारशे वर्षांचा इतिहास एका बाजूला आणि हा एका बाजूला. मला उत्तर देता आलं नाही. गीडाची चिठ्ठी मात्र तिला फार आवडली. "बायको असणार," असा निकाल दिला. म्युझियमवाले तेवढं खात्रीने सांगत नाहीत, पण आईला शंका नाही.

कोडे या कलासंग्रहालयात एडवर्ड मुंकची चित्रं बघायला तासभर काढला. त्यातला अर्धा तास आई कॉफी घेऊन खिडकीशी बसली आणि तळ्यावर पडणारा पाऊस बघत राहिली. तिचं म्हणणं, तिकिटाचे पैसे वसूल.

संध्याकाळी सव्वापाचला वेबकॅमवर फट दिसली. धावलो. वर पोचेपर्यंत ढग परत आला होता आणि कठड्यापलीकडे नुसतं दूध. मी वैतागले. आई शेळ्या शोधायला गेली. शेळ्या कुठे दिसल्या नाहीत. ती परत आली तेव्हा डावीकडून पडदा सरकवल्यासारखा ढग बाजूला झाला आणि खाली बंदर, लाल छपरं, उभी असलेली एक मोठी बोट, सगळं ओलं चकचकीत. चार मिनिटं असेल. मोबाइल काढेपर्यंत दोन गेली.

कुल्टुरमेल्क मिळालं. आईने चव घेऊन मान डोलावली, मग पिशवीतून जिऱ्याची पुडी काढली. पुडी आणलीय हे मला माहीतच नव्हतं.

आणि हो, फरशी गरम होते! तिचं बटण बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी होतं. मी काल ते दिव्याचं समजून बंद केलं होतं. बूट आता कोरडे ठणठणीत आहेत. फक्त ते ठेवायला जागा उरलेली नाही, कारण आई पाय पसरून तिथेच बसलीय आणि उद्या सहाला उठायचंय म्हटलं तरी उठायला तयार नाही.