दूध-दही बंद, किराण्याचं बजेट मात्र तेवढंच: रोजच्या ताटात काय बदलायचं?

कोथिंबीर_जुडी:
मंडळी, घरात दोन मोठी माणसं, वजनं साठ किलोच्या आसपास. मांस-अंडी आधीपासूनच नाहीत, आता दूध, दही, तूप, पनीरही बंद करायचंय. बदामाचं दूध, प्रोटीन पावडर वगैरे खर्चात बसत नाही. कुकर, मिक्सर, तवा आहे. स्वयंपाक नेहमीचा: पोळी-भाजी, वरण-भात, कधीमधी भाकरी.

वरण-भातातून प्रथिनं खरंच पुरी पडतात का? कॅल्शियम कुठून घ्यायचं? इडली-आंबोळी आणि स्पिरुलिनातून (वाळवलेलं शेवाळ) बी-१२ जीवनसत्त्व मिळतं म्हणतात, ते खरं का? शिवाय सोयावडीचा वास जात नाही आणि मोडाची मटकी दुसऱ्या दिवशी चिकट होते, त्यावरही कुणी सांगा.

खलबत्ता:
पुरी पडतात, पण वरण किती दाट यावर सगळं आहे. आपल्याकडे चौघांच्या पातळ आमटीला मूठ-दीड मूठ डाळ लागते. म्हणजे एका वाटीत जेमतेम १५ ग्रॅम कोरडी डाळ, आणि त्यातून ३ ग्रॅम प्रथिनं. बाकी पाणी, गूळ, चिंच. दोन वाट्या ओरपल्या तरी फार काही मिळत नाही. घरात वजनकाटा असेल तर एकदाच डाळ मोजून बघा; माणशी ४० ग्रॅम कोरडी डाळ हे माप डोळ्यांत बसलं की झालं. एवढ्या डाळीचं वरण पळीवाढं होतं.

प्रौढांसाठी आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आकडा दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला रोज ५० ग्रॅम. दिवसभराच्या तीन ज्वारीच्या भाकऱ्या (६० ग्रॅम पिठाची एक) १८ ग्रॅम देतात. ६० ग्रॅम तांदळाचा भात ४, डाळ ४० ग्रॅम म्हणजे ९, तेवढ्याच कोरड्या कडधान्याची उसळ ८, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे ७. भाजी आणि जवस-तिळाची चटणी धरली की पन्नाशी गाठते. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन ज्वारी-गव्हात कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत कमी असलेलं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल धान्यात मिळतं. म्हणून दोन्ही रोज हवीत, पण एकाच घासात हवीत असं काही नाही, दिवसभरात पोटात गेली की पुरे.

खर्चाचं गणित किलोच्या भावावर करू नका, प्रथिनांवर करा. तूरडाळ १५० रुपये किलो धरली तर १० ग्रॅम प्रथिनांना साधारण ७ रुपये पडतात. मटकी ११० ने धरली तर साडेपाच, शेंगदाणे १४० ने जवळपास सहा, सोयावडी १४० ने तीनच्या आत. बदाम ९०० ने धरले तर ४५! तुमच्या दुकानातले भाव घालून बघा, क्रम फारसा बदलत नाही.

उपासाच्या दिवसाकडेही लक्ष ठेवा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खिचडीतली प्रथिनं दाण्याच्या कुटाची. कूट कमी करून खिचडी ‘हलकी’ करण्यात काही अर्थ नाही.

गणंग:
मटकी चिकट होते ती पाणी राहिल्यामुळे. पुण्यात हिवाळ्यात ८-१० तास, उन्हाळ्यात ६-७ तास भिजवा, दोनदा धुवा आणि चाळणीत चांगली १५ मिनिटं निथळू द्या. ही निथळण्याची पायरीच लोक गाळतात. फडकं घट्ट पिळलेलं हवं. पुरचुंडी सैल बांधून चाळणीतच ठेवा, खाली ताट. डब्यात कोंबलेली मटकी स्वतःच्याच उबेने आंबते. मे महिन्यात १०-१२ तासांत मोड येतात, डिसेंबरात २०-२४ तास लागतात. दाण्याएवढा मोड आला की फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. आंबूस वास आला तर धुऊन वापरायची नाही, टाकायची.

बांधण्याआधी भिजलेली मटकी ताटात पसरा. फुगलेल्या दाण्यांत जे बारीक, गडद, नखाने दबत नाहीत ते गणंग. कितीही शिट्ट्या केल्या तरी ते शिजत नाहीत, दाताखाली आला की दात गेला. मोड आल्याने प्रथिनं वाढत नाहीत, हेही लक्षात असू द्या. क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह-जस्त अंगी लागू न देणारं फायटेट कमी होतं. कच्चे मोड मात्र नकोत, वाफ तरी द्याच.

सोयावडी: मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं. ते पाणी फेका (रश्शात घातलं की वास परत आलाच), गार पाण्यात घालून दोन्ही तळहातांत दाबून पिळा. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. पाणी पांढरट न राहता नितळ येईपर्यंत. मग थोड्या तेलावर कडा तांबूस होईस्तोवर परता आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात १० मिनिटं शिजवा. न पिळलेली वडी आधीच पाणी पिऊन बसलेली असते, तिच्यात रस्सा शिरणार कसा? माणशी २५ ग्रॅम कोरडी वडी म्हणजे १२-१३ ग्रॅम प्रथिनं. आठवड्यातून तीनदा भरपूर झाली.

मावळ_मेथी:
कॅल्शियमसाठी रोज पालक आणि तीळ. प्रश्नच मिटला.

नाचणीसत्त्व:
पालकाने नाही मिटत. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट नावाच्या आम्लाच्या क्षाराने बांधलेलं. अंगी लागतं ते साधारण पाच टक्के. राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्झलेट बरंच असतं. शेवग्याचा पाला आणि मेथी त्या मानाने बरी. तीळ चालतात, पण सालासकटचे. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम फार कमी उरतं. आणि चिमूटभर भुरभुरून भागत नाही, रोज दोन चमचे कुटून.

हिशेब असा: ६० ग्रॅम नाचणीची एक भाकरी २०० मिलिग्रॅमच्या थोडी वर, दोन चमचे (१० ग्रॅम) सालाचे तीळ १३०, शेवग्याचा ५० ग्रॅम पाला १५०, ४० ग्रॅम कुळथाचं पिठलं शंभरेक. एवढं सगळं एका दिवसात खाल्लं तरी सहाशेच्या आत. २०२० पासून प्रौढांसाठीचा आयसीएमआरचा रोजचा आकडा १००० मिलिग्रॅम आहे. दूध सोडल्यावर खरी ओढाताण होते ती इथे, प्रथिनांत नाही. उरलेलं, वरून कॅल्शियम घातलेल्या विकतच्या सोया दुधातून घ्या (पाकीट जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं) किंवा डॉक्टरांना विचारून गोळीतून. घरी केलेल्या सोया दुधात हे वरून घातलेलं कॅल्शियम नसतं.

लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. सैंधवाच्या नादात आयोडीन जातं, आणि दूधही बंद केल्यावर दुसरी वाट फारशी उरत नाही.

बाराखडी:
बी-१२ चं सरळ उत्तर: वनस्पतींत भरवशाचं कुठेच नाही. इडली-आंबोळीच्या आंबवण्यातून खात्रीने तयार होत नाही. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण शरीराला न चालणारं रूप. गोळी घ्यायचीच. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषलं जातं, म्हणून मोठ्या मात्रेतला थोडाच भाग कामी येतो. प्रचलित मात्रा दोन: रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून दोनदा १०००. सायनोकोबालामिन हे बी-१२ चं रूप स्वस्त आणि टिकाऊ. साध्या बी-कॉम्प्लेक्सवर विसंबू नका, काहींत बी-१२ नगण्य असतं. पाकिटावरचा आकडा वाचा. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं (प्राण्यांपासून केलेलं) असू शकतं, तेही बघा.

सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासा. आधीपासून शाकाहारी असाल तर पातळी आताच खाली असू शकते, आणि तशी निघाली तर वरची मात्रा पुरणार नाही. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) चालू असेल तर बी-१२ आणखी कमी शोषलं जातं. डाळी-पालेभाज्यांतलं फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) बी-१२ च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकून टाकतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही हातापायांना मुंग्या येऊ शकतात. गरोदरपण किंवा लहान मूल असेल तर इथल्या उत्तरांवर जाऊ नका, डॉक्टर गाठा.

कोथिंबीर_जुडी:
सगळ्यांचे आभार. एक राहिलं: कढीला दही कशाचं?

खलबत्ता:
शेंगदाण्याचं. १०० ग्रॅम दाणे रात्रभर भिजवून सालं काढा. खवट, सुरकुतलेले, काळपट दाणे आधीच बाजूला. बुरशीचं विष उकळून जात नाही. ४०० मिली पाण्यात बारीक वाटून गाळा आणि मंद आचेवर सतत ढवळत ५ मिनिटं उकळा, हात थांबला की तळाला लागतं. बोट सोसवेल इतकं कोमट झालं की धुतलेल्या चार हिरव्या मिरच्या देठांसकट बुडवा. विरजणाचे जिवाणू देठांवर असतात. उबेला १०-१२ तास. पहिली खेप सैल लागते, तिचाच चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून घाला, मग बरं लागतं. गुलाबी वा काळे डाग दिसले तर फेकून द्या. खाली पाणी सुटतं ते चालतं, घुसळून घ्या. कढीला वाटीमागे एक चमचा बेसन लावा आणि उकळी फुटायच्या आत गॅस बंद करा, नाहीतर दाण्याचा रवा वेगळा पडतो.

नारळाच्या दुधाची सोलकढी झकास लागते, पण त्यात प्रथिनं नावालाच. दह्याच्या जागी ती धरू नका.