कापसाचं हे इंग्रजी वाक्य कोणी समजावून सांगा न भाऊ

कास्तकाराचा पोरगा, दर्यापूर:
गावातल्या अभ्यासिकेत आम्ही काही जण स्टाफ सिलेक्शनची तयारी करून राहिलो. ग्रुपवर एकानं दोन वाक्यं टाकली अन् सगळेच अडकले. पहिलं, 'द कॉटन क्लोदिंग इज मेड ऑफ ग्रोज इन मिसिसिपी'. आमच्या घरी कापूसच पिकते म्हणून वाटलं हे तरी समजन, पण 'कॉटन क्लोदिंग' म्हणजे सुती कपडे धरले तर मंग कपडे अमेरिकेतल्या मिसिसिपीत उगवतात का? दुसरं, 'द ओल्ड मॅन द बोट'. म्हातारा माणूस, होडी, अन् क्रियापदच नाई. सगळे शब्द ओळखीचे आहेत, तरी अर्थ लागत नाई. छपाईची चूक आहे का? नसन तर असं वाक्य आलं की सुरुवात कुठून करावं?

वऱ्हाडी वाचक:
चूक नाई भाऊ, दोन्ही बरोबर आहेत, गार्डन पाथ सेंटेन्स म्हणतात याले, म्हणजे सुरुवातीले वाचणाऱ्याले चुकीच्या वाटेनं नेणारं वाक्य. 'द कॉटन' म्हणून थांब, मंग 'क्लोदिंग इज मेड ऑफ', मंग 'ग्रोज इन मिसिसिपी'. कपडे ज्या कापसाचे बनतात तो मिसिसिपीत पिकते. इंग्रजीत मधातला 'दॅट' गाळला तरी चालते, आपण असं वाक्य बहुतेक 'ज्या' अन् 'तो' लावून बोलतो, म्हणून फसतो. पण तू अर्धं उत्तर स्वतःच दिलं न, कपडे उगवत नाईत, कापूस उगवते! 'ग्रोज' दिसलं की उगवणारं काय आहे ते शोधायचं.

वणीची ताई:
होडीचं मी सांगते. इथं 'मॅन' हेच क्रियापद. रेल्वेचं 'अनमॅन्ड लेव्हल क्रॉसिंग' ऐकलंय न, जिथं फाटकावर माणूस नसतो, तेच हे. 'द ओल्ड' म्हणजे म्हातारी मंडळी, 'द पुअर' म्हणतो तसं. म्हातारी मंडळी होडी सांभाळतात, झालं. पण परीक्षेत असं तुटक वाक्य सहसा देत नाहीत, यावर रात्र घालवू नको.

गुरुजी, पुसद:
ताई, तुटक येत नाही हे खरं, पण पॅसेजमध्ये हाच घोळ वेगळ्या रूपात येतो अन् तिथंच मार्क जातात. संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांचं १९७२ मधलं उदाहरण आहे, नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, 'बिकॉज दे फीअर्ड व्हायलन्स'. हिंसेची भीती कोणाला? नगरसेवकांना. आता 'फीअर्ड' काढून 'ॲडव्होकेटेड' टाका, म्हणजे हिंसेचा पुरस्कार केला, की लगेच 'दे' म्हणजे मोर्चेकरी होतात. व्याकरण तेच राहिलं, माणसं बदलली. हे कळतं कारण परवानगी कोण देतं अन् मोर्चा कोण काढतं हे तुम्ही तहसीलसमोर पाहिलेलं असतं. मराठीतही 'मी त्याला पळताना पाहिलं' यात पळत कोण होतं ते मागचं वाचल्याशिवाय सांगता येत नाही. अडलं की आधी मुख्य क्रियापद शोधा, ते काम कोण करू शकतं ते स्वतःला विचारा, मग मागचं अन् पुढचं वाक्य परत वाचा. डिक्शनरी त्यानंतर.

कास्तकाराचा पोरगा, दर्यापूर:
कापूस अन् होडी दोन्ही समजले, लय आभार. गुरुजी, मंग हे पाहा न, 'व्हिजिटिंग रिलेटिव्हज कॅन बी बोअरिंग'. पाहुण्याइकडं जाणं कंटाळवाणं का घरी आलेले पाहुणे? क्रियापद सापडलं, तरी दोन्ही अर्थ बसून राहिले.

गुरुजी, पुसद:
बसणारच, एकट्या वाक्यावरून निवड करताच येत नाही. पुढं 'दे स्टे टू लाँग' असेल तर पाहुणे आपल्या घरी, बसच्या लांब प्रवासाचं असेल तर आपण त्यांच्याकडं. पॅसेजमधलं पुढचं वाक्य टाका इथं.