ईव्ही वाढल्या तर ग्रिड कोसळेल? आधी सोसायटीची केबल बघा

फीडरवाला: ‘ईव्ही वाढल्या की राज्यात पुन्हा भारनियमन’ ही पोस्ट कालपासून फिरतेय. ती वाचून राहवलं नाही. ईव्हीला, म्हणजे विजेवरच्या मोटारीला, १०० किमीला १३-१४ युनिट लागतात. रोजचे ४० किमी धरले तर साडेपाच युनिट. दीड टनाचा एसी चारेक तास चालवला तरी एवढी वीज जाते. एसी घेताना ग्रिडची काळजी कुणी केली होती? राज्याची कमाल मागणी २५ हजार मेगावॉटच्या वर जाते, त्यापुढे हे किती?

पीक_अवर: दिवसाचे युनिट नका सांगू, एका वेळी किती भार पडतो ते किलोवॉट सांगा. सहा लाख गाड्या संध्याकाळी साडेसातला ३.३ किलोवॉटवर लागल्या तर १,९८० मेगावॉट. अख्खं कोयना वीज केंद्र १,९६० चं आहे! तेव्हा सोलरही मावळलेलं असतं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सोलर तासांचा, म्हणजे दिवसा ऊन असतानाचा, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलंय, पण दुपारी गाडी ऑफिसखाली उभी असते. तिथे चार्जिंग पॉइंट कुठे आहेत?

फीडरवाला: सगळ्या गाड्या एकाच वेळी लागत नाहीत. साडेपाच युनिट भरायला पावणेदोन तास पुरतात, टायमर रात्री १२ चा लावा. ऑफिसात पॉइंट हवेत, हे मात्र मान्य.

साडेतीन_कोर: दोघंही वरच्या चारशे केव्हीच्या ग्रिडवर भांडताय, जळतं ते खाली, सोसायटीच्या दारातल्या केबल जोडायच्या पेटीत, पिलर बॉक्समध्ये. ३१५ केव्हीएच्या डीपीला, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला, आर, वाय, बी या तीन फेजपैकी प्रत्येकामागे जेमतेम ४२० अँपिअर मिळतात. त्यातून बिल्डिंगला येते ९५ चौरस मिमीची साडेतीन कोर (तीन फेजच्या तारा आणि एक बारीक न्यूट्रल) ॲल्युमिनियम केबल. तिची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, ५० ची, म्हणजे साधारण सव्वाशे अँपिअरची. ७.४ किलोवॉटचा सिंगल फेज चार्जर ३२ अँपिअर ओढतो. वायरमनने सोयीचं म्हणून चारही चार्जर आर फेजवर टाकले की न्यूट्रलवर १२८ आले, घरांचा असमतोल वेगळाच. त्यात तांब्याच्या बसबारवर (जोडपट्टीवर) बायमेटॅलिक, म्हणजे तांबं-ॲल्युमिनियम दोन्ही असलेला, लग (केबलच्या टोकाचा जोड) न घालता नुसता ॲल्युमिनियमचा कसलेला. जोड तापतो, सैल होतो, आणखी तापतो. न्यूट्रल तुटली की कमी लोडच्या फेजला ३०० च्या वर व्होल्ट जातात. टीव्ही, फ्रिज, लिफ्टचं कार्ड, सगळं एका मिनिटात संपतं.

कमिटी_मेंबर: म्हणूनच सोसायटी कमिट्या चार्जरला एनओसी देत नाहीत. काही चुकतं का?

साडेतीन_कोर: चुकतं, आणि धोकादायक चुकतं! एनओसी अडवली की माणूस खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडतो. ३.३ किलोवॉट म्हणजे १४ अँपिअर, तेही सलग काही तास. बोर्डाची पिन आधी पिवळी पडते, मग वितळते. रीतसर काम करा: स्वतंत्र मीटर, मंजूर भार वाढवून घ्या, चार चौरस मिमी तांब्याची वायर, मेटलक्लॅड (धातूच्या पेटीतलं) सॉकेट, वेगळं अर्थिंग. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, साधी एसी टाइप नको, ए टाइप घ्या, आणि चार्जरमध्ये सहा मिलिअँपिअरचं डीसी डिटेक्शन (डीसी करंटची गळती ओळखायची सोय) आहे का ते बघा. डीसी गळतीने साधी आरसीसीबी आंधळी होते, शॉक बसला तरी पडत नाही.

डेपो_गेट: सगळी चर्चा मोटारींचीच! बस १२ मीटरची, किमीला सव्वा ते दीड युनिट, रोज २०० किमी. शंभर बसचा डेपो म्हणजे एका रात्रीत २५ ते ३० हजार युनिट, सहा तासांत चार-पाच मेगावॉट. एकच एचटी फीडर (सबस्टेशनवरून येणारी उच्च दाबाची लाइन) असेल आणि तो पहाटे तीनला गेला, तर सकाळी स्टॉपवरच्या माणसाला बस नाही. दुसऱ्या सबस्टेशनवरून पर्यायी फीडर आधी घ्या, बस मग आणा. पुण्यात भेकराईनगरला २०१९ पासून विजेच्या बस धावतात, तेव्हा हे जमणारं काम आहे.

पीक_अवर: न्यूट्रलचं पटलं. पण संध्याकाळच्या पीकवर मी ठाम आहे.

साडेतीन_कोर: राहा ठाम. पण कमिटीवाल्यांनो, आज रात्री अकराला लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून मेन केबलला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) लावून घ्या. आर, वाय, बी आणि न्यूट्रल, चार आकडे इथे टाका. न्यूट्रल शंभरच्या पुढे असेल तर नवा चार्जर जोडण्याआधी भार तिन्ही फेजवर वाटून घ्या.