रेड डेड रिडेम्प्शन २ : ब्लॅक बेलला मारायचं की फोटो काढायचा?

प्रश्न – बंदूकधारी_नवा
या गेममध्ये व्हॅलेंटाईन गावच्या सलूनमधला लेखक लेव्हिन चार नेमबाजांचे फोटो देऊन त्यांना शोधायला पाठवतो, ते मिशन चालू आहे. ग्रेंजर आणि फ्लाको झाले, दोघांच्या रिव्हॉल्व्हर मिळाल्या. आता ब्लॅक बेल. तिला मारलं तर तिचीही बंदूक मिळते का? आणि तिच्या झोपडीपाशीच्या चकमकीत माझा आर्थर (गेमचा नायक) सारखा मरतोय. हातात फक्त रिव्हॉल्व्हर उरते, रायफल सापडतच नाही.

दलदल_स्वार
बंदुकीचा विचार सोड भावा. चौघांत जिवंत राहते ती हीच, आणि तिच्याकडून हत्यार मिळत नाही. इथे बक्षीस म्हणजे फोटो.

रायफलचं कारण साधं आहे. मोठी हत्यारं घोड्याच्या खोगिराला असतात. घोड्यावरून उतरायच्या आधी स्क्रीनवरच्या शस्त्रांच्या चक्रात रायफल आणि शॉटगन निवडून घे, म्हणजे त्या खांद्यावर येतात. न निवडता उतरलास आणि घोडा लांब पळाला, की रिव्हॉल्व्हरवरच भागवावं लागतं. घोडा झोपडीपासून दूर थांबव. बेलने आधीच सुरुंग पेरून ठेवलेले असतात, स्फोटात घोडा गेला तर मोठा तोटा.

सुरुंगाचा दट्ट्या दाबायची घाई नको. बेलच्या डोक्यावरच्या बक्षिसासाठी आलेली टोळी स्फोटकांच्या जवळ येऊ दे, मग दाब. लवकर दाबला तर स्फोट रिकाम्या जागेत होतो आणि सगळे जण अंगावर येतात. त्यानंतर आडोसा सोडू नकोस. डेड आय (वेळ मंदावून नेम धरायची शक्ती) आधीच संपवू नकोस, एकदम तिघे-चौघे समोर आले की वापर. आत शिरण्यापूर्वी झोळीत टॉनिक आहेत ना ते बघ.

आणि हो, ही सेंट डेनिसच्या उत्तरेची दलदल आहे. पाण्यातून आडवाटेने जाऊ नकोस, मगरी आहेत.

कॅमेरा_कोपरा
फोटोबद्दल एक भर. कॅमेरा बंदुकांच्या चक्रात शोधू नका. चक्र उघडं ठेवून वस्तूंच्या पानावर जा, तिथे तो दिसतो. बेलची पूर्ण आकृती चौकटीत घ्या आणि मगच बटण दाबा. बाकीच्या तिघांचा फोटो मेल्यावर काढलेलाही चालतो, हिचा तिच्या संमतीने निघतो. म्हणून मला हा प्रसंग सगळ्यात आवडतो. वय झालेली बाई, पण टोळी येणार हे तिला आधीच ठाऊक आहे आणि सगळी तयारी करून ती निवांत बसलेली आहे.

राहिला बिली मिडनाइट. तो ऱ्होड्स स्टेशनवर सापडतो. त्याचं पिस्तूल उचलायला विसरू नका.

जुनी_सरहद्द
नाव वाचून खरीखुरी अमेरिकन डाकू बेल स्टार आठवते. मूळ नाव मायरा मेबेल शर्ली, जन्म १८४८, मिझुरीत. १८८३ मध्ये फोर्ट स्मिथच्या न्यायाधीश पार्करसमोर घोडेचोरीचा खटला चालला आणि ती काही महिने डेट्रॉइटच्या तुरुंगात होती. १८८९ मध्ये तिला गोळी घालून मारलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा प्रकाशक रिचर्ड फॉक्सने तिच्यावर सनसनाटी पुस्तक छापलं आणि घोडेचोरीत शिक्षा झालेली बाई ‘डाकूंची राणी’ झाली. गेममधला लेव्हिन ज्याच्यावर पुस्तक लिहितोय त्या म्हाताऱ्या नेमबाज कॅलोवेसाठी नेमकं हेच करतो आहे, म्हणून या मिशनमध्ये बेलचं असणं अगदी योग्य वाटतं.

गेमच्या कथेचं साल १८९९. त्याच वर्षी ३० मे रोजी ॲरिझोनात ग्लोबजवळ पर्ल हार्ट या बाईने ‘जो बूट’ नावाच्या साथीदाराला सोबत घेऊन घोडागाडी लुटली. केस कापलेले, पुरुषी कपडे, हातात रिव्हॉल्व्हर. तिला पाच वर्षांची शिक्षा झाली, १९०२ मध्ये माफी मिळाली. गेममधल्या बंदूकधारी सेडी ॲडलरचे पॅन्ट-शर्ट कुणाला अवास्तव वाटत असतील, तर पर्लचे फोटो बघा.

बंदूकधारी_नवा
रायफल खांद्यावर घेतली, दट्ट्या उशिरा दाबला, पहिल्याच फेरीत झालं. फोटोही मिळाला. आता ऱ्होड्सकडे निघतो. आभार!