राजा चालतोय म्हणून लगेच मारायचा?

बावन्नपानी: ‘ब्रिजमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत (जिथे एकेक जादा हात मोजला जातो) बचावात हुशाऱ्या नकोत, मिळेल तो हात घ्या’ हा पहिलाहात यांचा सल्ला वाचून डोकं फिरलं. दक्षिणेचे तीन नो ट्रम्प, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हात करायचे; बचावात पूर्व-पश्चिम. डमीत (दक्षिणेच्या जोडीदाराच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत) किलवर एक्का-राणी-गुलाम-दश्शी-नव्वी, किलवरबाहेर एन्ट्री, म्हणजे डमीत शिरायचा रस्ता, शून्य. डिक्लेअररकडे, म्हणजे डाव खेळणाऱ्या दक्षिणेकडे, छक्की-चौकी, पूर्वेकडे राजा-सत्ती-तिर्री. चौकी आली, पश्चिमेची दुर्री, डमीची राणी. इथे राजा मारलात (राजाने हात घेतलात) की उरलेल्या छक्कीवरून तो डमीत जाणार आणि चार हात मोजून घेणार. तिर्री टाका. तो परत हातात येऊन छक्कीवर गुलामाचं फिनेस घेईल (राजा पश्चिमेकडे धरून, एक्का राखून गुलाम लावेल), तेव्हा राजा मारा. डमी मेली, कारण त्याच्या हातात किलवर उरलं नाही. पाच पानांत एकच हात.

पहिलाहात: आणि दक्षिणेकडे एकच पान असेल तर? राणी फुकट, पाठोपाठ एक्का फुकट. चौघांची पानं उघडी ठेवून सगळेच शहाणे.

बावन्नपानी: पार्टनरची दुर्री शोभेला आहे का? लहान पान म्हणजे हाती किलवर विषम, मोठं म्हणजे सम, हा सिग्नल. डमीत पाच, तुमची तीन, त्याची तीन, म्हणजे दक्षिणेकडे दोन. दक्षिणेला एकच असतं तर पश्चिमेकडे चार असती आणि त्याने मोठं पान टाकलं असतं. मग खुशाल मारा.

तिर्रीताई: तो सिग्नल डिक्लेअररलाही दिसतो हो. नाहीतर काय, बोर्डावर लिहून द्या.

बावन्नपानी: दिसू दे की ताई. तीन-तीन वाटणी कळली तर एक्क्याखाली राजा पडणार नाही हेही त्याला कळतं. उलट फिनेसचाच मोह होतो.

आडवाहात: हे सगळं ठीक, पण टेबलावर होतं काय? राणी आली की पूर्व छताकडे बघत बसतो, मग तिर्री. राजा कुठे आहे ते आंधळ्यालाही कळतं. विचार डमी उघडल्यावर, पहिल्याच हाताला करायचा.

पहिलाहात: मग राजा नसतानाही जरा थांबावं. फिटंफाट.

आडवाहात: याला हुशारी नाही, लबाडी म्हणतात! ब्रिजच्या नियमांतलं कलम ७३ वाचा. पानाने फसवा, हरकत नाही. थांबून फसवलंत, कारण दाखवता आलं नाही आणि समोरच्याचं नुकसान झालं, तर स्पर्धेचा डायरेक्टर स्कोअर बदलणार.

पहिलाहात: शब्द जपून वापरा. मी उपरोधाने लिहिलं होतं.

आडवाहात: उपरोध कळतो. तो टेबलावर वापरणारेही माहीत आहेत.

तिर्रीताई: भांडण बाहेर. मला सांगा, राजा-सत्ती दोनच असतील, पश्चिमेकडे चार, तेव्हाही सोडायचा? दुसऱ्या फेरीत एक्का आपटला की राजा पडला, पाचही हात त्याचे.

बावन्नपानी: टीम्स (संघांची स्पर्धा, तिथे गुणांचा फरक इम्पमध्ये मोजतात) असेल तर सोडेन. बाहेर त्याचे पाच हात आहेत असं धरा. राजा मारला तर नऊ हात, ४०० गुण. सोडला आणि एक्का आला तर दहा, ४३०, म्हणजे १ इम्पचा फटका. त्याने परत फिनेस घेतलं तर डाव बुडाला, किमान १० इम्प. जोड्यांत मात्र तेच ३० गुण पूर्ण बोर्ड (त्या डावाचा निकाल) खातात.

पहिलाहात: म्हणजे जोड्यांत मारायचा. मी काय वेगळं सांगत होतो?

बावन्नपानी: दोन पानांच्या राजाला लागू, महाराज. तीन पानांच्या नाही.

पहिलाहात: बरं, तीन असतील तर सोडू. पण दुर्री टाकणारा पार्टनर आधी मिळवून द्या. आमच्याकडे हाताला येईल ते पान टाकतात.