शनिवारचा माहितीपट आणि साखरेचं शिल्प

अनघा (बी-३०४): शनिवारी रात्री ८.३० ला क्लबहाउसमध्ये 'किंग्ज ऑफ पेस्ट्री' लावतोय. २००९ चा माहितीपट, ख्रिस हेगेडस आणि पेनेबेकर यांचा. 'मेयर उव्हरिए द फ्रान्स' (फ्रान्सचा सर्वोत्तम कारागीर) या किताबाची पेस्ट्रीची अंतिम फेरी, लियाँ शहर, ३ दिवस, १६ उमेदवार. ज्यांनी पाहिलाय त्यांनी निकाल लिहू नका प्लीज 🙏

देशपांडे काका (ए-१०२): १६ जणांतून एक विजेता?

अनघा: नाही काका, पहिला-दुसरा नंबर नसतोच. परीक्षकांनी ठरवलेली गुणांची पातळी जो गाठेल तो पास. निळ्या-पांढऱ्या-लाल पट्टीची कॉलर त्यालाच. हा हक्क नसताना ती घालणं तिथे गुन्हा आहे.

समीर (सी-५०१): या फेरीत साखरेचं शिल्पही करायचं असतं ना, त्याची उमेदवारांना इतकी धास्ती का? बाकी केक, चॉकलेट सगळं असतंच की.

मेधा (बी-७०२): कारण ते दुरुस्त होत नाही. क्रीम बिघडलं तर पुन्हा फेटता येतं. साखर थंड झाली की काच. त्यात जोड अगदी लहान असतात आणि शिल्प उचलून मांडणीच्या टेबलापर्यंत न्यायचं असतं, खरी परीक्षा तिथेच.

शिल्पासाठी ताणायच्या साखरेचं साधारण प्रमाण: साखर १ किलो, पाणी ४०० ग्रॅम, ग्लुकोज सिरप २०० ग्रॅम. उकळताना भांड्याच्या कडा ओल्या ब्रशने पुसत राहायच्या. कडेचा एक दाणा आत पडला तरी सगळा पाक रवाळ होतो. शेवटी टार्टरिक आम्लाचे थेंब, १६० ते १६५ अंशांवर आच बंद, भांड्याचा तळ लगेच थंड पाण्यात. मग सिलिकॉन मॅटवर ओतून कडा मध्ये दुमडायच्या आणि ताणून, घडी घालून पुन्हा ताणायचं. घड्यांत हवा अडकते, तिनेच रेशमी चमक येते. जास्त ताणलं की चमक मरते, साखर खडूसारखी पांढरी पडते. आम्ल जास्त झालं तर साखर मऊ राहते, ओल ओढते, साखरेच्या फुलांच्या पाकळ्या मान टाकतात.

समीर: मग आपल्याकडे पावसाळ्यात?

मेधा: एसी आणि कोरडी खोली नसेल तर नादच सोडा. तुकडे हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचे. आयसोमाल्ट (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) वापरलं तर ओल कमी ओढतं आणि पिवळंही पडत नाही, पण जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. मुलांना या पाकापासून लांबच ठेवा, तो त्वचेला चिकटून भाजतो.

देशपांडे काका: टार्टरिकऐवजी लिंबू चालेल का गं?

मेधा: लॉलीपॉपपुरतं चालेल काका. ताणायच्या साखरेला नको, प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा, थेंब मोजून उपयोग नाही. टार्टरिक समभाग गरम पाण्यात विरघळवा आणि ड्रॉपरने घाला.