डिव्हिजन मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी आधी पेंटचा हिशेब द्यावा

साप_साइड
कालपासून पेंटबॉलबद्दल (रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ) एक पोस्ट फिरते आहे: 'लीगमधल्या सगळ्या डिव्हिजन (कौशल्यानुसार पाडलेले गट) मोडीत काढा, सरसकट रेस-टू-सेव्हन (आधी सात पॉइंट घेईल तो जिंकला) खेळवा, मोठ्यांचा मार खाल्ल्याशिवाय कोणी शिकत नाही.' खाली टाळ्यांचा पाऊस. न राहवून लिहितोय, लांबण लागणार.

सामना ७-६ पर्यंत ताणला की १३ पॉइंट. पाच जण, पॉइंटमागे प्रत्येकी ५०० गोळ्या धरा. मागे उभा राहून लेन मारणारा (एकाच वाटेवर सतत गोळ्यांची रांग धरणारा) त्याहून कितीतरी जास्त उडवतो, पण राहू दे. झाल्या ३२,५००. पेटी २,००० ची, म्हणजे एकाच सामन्यात सोळा पेट्यांच्या वर, आणि हा नुसता पहिल्या फेरीतला एक सामना. रेस-टू-टूमध्ये फार तर ३ पॉइंट, पावणेचार पेट्यांत भागतं. तळातल्या टीमा पेंट स्वतःच्या खिशातून घेतात हो! प्रो टीमच्या पिटमध्ये (मैदानाबाहेरच्या तयारीच्या जागेत) पॉड, म्हणजे गोळ्यांच्या नळ्या, भरायला माणसं असतात. आमच्याकडे आत्ताच आउट होऊन आलेला गडी मास्क पुसत पुसत पॉड भरतो.

आणि मार खाऊन शिकण्याचं म्हणाल तर, सापापर्यंत (मैदानाच्या कडेच्या लांब, बुटक्या आडोशापर्यंत) पोचायच्या आत तिसऱ्या सेकंदाला ज्याला गोळी लागली तो काय शिकणार? गन खाली कशी धरायची आणि डेड बॉक्सकडे (बाद झालेल्यांच्या जागेकडे) कसं चालायचं, एवढंच.

बंकरफोड
ती पोस्ट माझी आहे. नाव घ्यायला काय झालं होतं?

डिव्हिजन कागदावर सुंदर दिसतात. आम्ही सर्वांत खालच्या डिव्हिजनला नाव दिलं, पहिल्याच सामन्यात समोर 'नवीन' टीम. नवीन फक्त जर्सी. त्यातले तिघे आधी सेमी-प्रो खेळलेले, पण मधे बराच काळ गायब होते म्हणून रँक उतरलेली. ब्रेकआउटलाच (पॉइंट सुरू होतानाच्या धावेत) आमचे दोन गेले, उरलेल्यांना अर्ध्या मिनिटात आवरलं. चषक घेतला, फोटो काढले, पुढच्या वेळी टीम बरखास्त. मग खालच्या गटात मार खायचा तो वरच्यांकडूनच ना? निदान उघडपणे खाऊ.

डीफोर_कायमचा
बंकरफोड, सँडबॅगिंगवर (मुद्दाम खालच्या गटात खेळण्यावर) +१. पण औषध उलटंच सांगताय. आमची टीम रँकिंगनेच मोडली. एपीपीएसारख्या (अमेरिकेतल्या खेळाडू-नोंदणी संस्थेच्या) पद्धतीत रँक माणसाची असते, टीमची नाही. आमचे दोघे मित्राच्या टीमला पाहुणे म्हणून खेळायला गेले, ती टीम वर आली, यांचे पॉइंट वाढले, आणि पुढच्या स्पर्धेला दोघे आमच्या रोस्टरमध्ये बसेनात. वरच्या रँकचे किती चालतील त्याला मर्यादा असते. बाकीच्यांनी त्यांच्यासाठी वरच्या डिव्हिजनला जायचं, की त्यांना सोडायचं? त्यांना सोडलं. त्यातला एक अजून बोलत नाही.

युरोपात मिलेनियम सिरीजने टीमच्या बढतीची पद्धत ठेवली होती. सीपीएलमध्ये (सर्वांत वरच्या लीगमध्ये) तळाला गेलात की एसपीएलमध्ये (तिच्या खालच्या लीगमध्ये), तिथे वर आलात की परत. टीम अख्खी चढते, अख्खी उतरते. मैत्र्या टिकतात.

साप_साइड
आणि त्या पद्धतीत सीझन संपल्यावर टीमचा स्पॉट ठेवून माणसं बदलली तर? नाव तेच, गडी नवे. माणसाला रँक दिली की निदान त्याच्यामागे कागद तरी लागतो.

गणिती
फॉरमॅटबद्दल कोणी बोलतच नाहीये. समजा एक टीम किंचित सरस आहे, दर पॉइंटला जिंकायची शक्यता ६० टक्के. रेस-टू-टूमध्ये ती सामना जिंकायची शक्यता साधारण ६५ टक्के, रेस-टू-फोरमध्ये ७१, रेस-टू-सेव्हनमध्ये ७७. सामना जितका लांब तितका नशिबाचा भाग कमी. म्हणजे बंकरफोड, सगळ्यांना रेस-टू-सेव्हन दिलंत तर कमकुवत टीमची उरलीसुरली संधीही गेली. तुमची सूचना तुमच्याच विरुद्ध आहे.

बंकरफोड
गणिती साहेब, पॉइंट म्हणजे नाणेफेक नव्हे. मेजर पेनल्टी बसली की माणूस बॉक्समध्ये, पुढचा पॉइंट चौघांनी सुरू करायचा. एका पॉइंटचं दुखणं दुसऱ्यात जातं. घड्याळही असतं. एका गुणाची आघाडी घेऊन शेवटची दोन मिनिटं बंकरमागे दडून काढणारी टीम तुमच्या टक्केवारीत कुठे बसते? कधी मैदानात उतरलायत का?

गणिती
उतरलो आहे. तुमच्यासारखी जर्सीची नावं मात्र लक्षात ठेवत बसलो नाही.

जुना_पंप
या सगळ्याचं मूळ एकच: रँपिंग. तीनदा ट्रिगर ओढला की पुढचं गन स्वतः बघते. मर्यादा १५ वरून उतरत १०.२ वर आली, तरी सेकंदाला दहा गोळ्या! नवखा घाबरणार नाही तर काय? खालच्या डिव्हिजन मेकॅनिकल (बॅटरीशिवायच्या गनच्या) करा, पेंट निम्म्यावर येईल, साप_साइडचा हिशेबच मिटेल.

हा खेळ सुरू झाला २७ जून १९८१ ला, न्यू हँपशरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात. बारा जण, हातात झाडांवर खुणा करायच्या नेल्स्पॉट गन. जिंकला रिची व्हाइट, एकही गोळी न झाडता! आणि आज १५० बाय १२० फुटांच्या मैदानात हवा भरलेल्या फुग्यांमागून पाऊस पाडायचा, याला म्हणे कौशल्य.

साप_साइड
आले. कुठलाही धागा असो, पाचव्या-सहाव्या प्रतिसादात हेनिकर येतंच. त्या जंगलात पाच विरुद्ध पाच नव्हतं, प्रत्येक जण स्वतःसाठी झेंडे गोळा करत होता. तुम्हाला लपाछपी खेळायची असेल तर खुशाल खेळा.

जुना_पंप
लपाछपी? दहाजणी (दहा-दहा जणांच्या टीमांचं) मेकॅनिकल एनएक्सएल या मोठ्या लीगनेच परत आणलंय, तेही बाद म्हणा मग. बॅटरी काढून घेतली की तुमच्यातले निम्मे सापात रांगायचंही विसरतील.

डीफोर_कायमचा
मेकॅनिकल करून बघितलंय. निम्म्या टीमा ट्रिगर घासूनपुसून असे हलके करून आल्या की दोन बोटांनी वाजवलं की इलेक्ट्रॉनिकच्या जवळपास जातं. मग ट्रिगर तपासण्यात सकाळ गेली. एनपीपीएल लीगच्या सातजणीमध्ये सेमी-ऑटो (एका ओढीला एक गोळी) ठेवून 'बाउन्स'वरून (एका ओढीत गन आपोआप जास्त गोळ्या सोडते त्यावरून) जी भांडणं झाली, तीच. मर्यादा असलेलं रँपिंग निदान यंत्राने मोजता तरी येतं.

जुना_पंप
म्हणजे चोर पकडता येत नाही म्हणून चोरीलाच मर्यादा ठरवून दिली. वा!

बंकरफोड
पंपकाका, धागा डिव्हिजनचा आहे.

जुना_पंप
काका कोणाला म्हणता?

पट्टेवाला
वरच्या मैदानावर एका पॉइंटला रेफ्री सहा-सात, तळाच्या मैदानावर हाताच्या बोटांवर, आणि त्यातले अर्धे दुसऱ्याच टीमचे खेळाडू. सापाच्या बाजूला रेफ्री मी एकटा. पाठीवरच्या पॅकला गोळी लागलेला गडी तसाच खेळत राहतो, तुम्ही 'वन-फॉर-वन' (त्याच्यासोबत त्याच्या टीमचा आणखी एक बाहेर) दिला की बाहेरून अख्खी टीम अंगावर. मूळ एक्सबॉलला (आजच्या रेस-टू प्रकाराच्या आधीच्या फॉरमॅटला) २५-२५ मिनिटांचे दोन भाग होते आणि बाहेरून ओरडून कोचिंगला मुभा होती, तेव्हाचा गोंगाट आठवा, आणि रेफ्रीला शिव्या पडतात त्यात काही कमी झालेलं नाही. रेस-टू-सेव्हन तळाला आणाल तर एवढे पॉइंट बघायला माणसं कुठून आणणार, ते आधी सांगा. दिवसभरात सामने तरी किती बसतील?

बंकरफोड
हे मात्र पटलं. रेफ्री नसतील तर रेस-टू-सेव्हन शक्य नाही. घ्या, साप_साइड, जल्लोष करा. पण रँक उतरवून खाली येणाऱ्यांचं काय, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

साप_साइड
सोपं आहे. वर चढायला पॉइंट लागतात, खाली यायला नुसती रजा पुरते, हे बंद करा. एकदा सेमी-प्रो खेळलेला तळाच्या डिव्हिजनला कधीच नाही, मग दहा वर्षं घरी बसू दे.

डीफोर_कायमचा
गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेल्याने पण?

साप_साइड
त्याने पण. मागच्या बंकरला उभं राहावं, लेन मारावी. तिथे गुडघा लागतोच किती?

पट्टेवाला
मागच्या बंकरला उभे राहणारेच सर्वांत जास्त पुसतात (लागलेल्या गोळीचा रंग पुसून खेळत राहतात). त्यावर वेगळा धागा काढतोय, भांडायला तिकडे या. पंपकाकांनाही निमंत्रण.

जुना_पंप
पुन्हा काका!